डोक्यावर पाटी घेतलेली बाई कागदावर उभीच राहत नाही: फोटो सोडू का?

जेटीवरची_रेघ (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. मी शाळेत गणित शिकवते आणि संध्याकाळी चित्रं काढते. चित्रकलेचं शिक्षण म्हणाल तर एलिमेंट्री आणि इंटरमिजिएट या दोन ग्रेड परीक्षा, त्यापुढे काही नाही. निसर्गचित्रं बऱ्यापैकी जमतात. गेलं वर्षभर मात्र एकाच विषयाने मला धरून ठेवलं आहे. मिरकरवाडा बंदरावर सकाळी लिलाव आटोपला की बाया डोक्यावर चुंबळ ठेवतात, त्यावर मासळीची पाटी चढवतात आणि ओल्या फरशीवरून झपाझप बाहेर पडतात. पाटीतून पाणी गळत असतं, आजूबाजूला आरडाओरडा चाललेला असतो, आणि या सगळ्यात त्यांची मान जराही हलत नाही. ते चालणं मला कागदावर हवं आहे.

मी फोनवर फोटो काढते, घरी येऊन फोटोवर चौकोनांची ग्रिड टाकते आणि चित्र काढते. मापं बरोबर येतात. चेहरा ओळखू येतो, साडीचा काठ येतो, पाटीची वीणसुद्धा येते. पण बाई जमिनीवर उभी आहे असं वाटत नाही. पाय कागदावर चिकटवल्यासारखे दिसतात. पाटीत दहा किलो मासळी आहे की कापूस, ते चित्रावरून कळत नाही. साडीच्या आत अंग आहे असंही वाटत नाही.

माझे प्रश्न असे. फोटोवरून काढणं बंदच करावं का? समोर कोणी उभं राहील अशी सोय इथे नाही, लाइफ क्लास मुंबई-पुण्याला. एका ओळखीच्या चित्रकाराने सांगितलं की न्यूड स्टडी, म्हणजे नग्न मॉडेल समोर ठेवून अभ्यास, केल्याशिवाय मनुष्याकृती कळतच नाही. हे खरं असेल तर माझ्यासारखीने काय करायचं? दुसऱ्या एकाने सांगितलं, आधी मातीत कर. मातीत केल्याने चित्र कसं सुधारेल ते मला उमगलं नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

ओळंबा

ताई, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. बहुतेक जण नाक-डोळे जुळत नाहीत म्हणून विचारतात. तुम्ही वजनाबद्दल विचारता आहात. मनुष्याकृतीत माझ्या मते सगळ्यात आधी तेच शिकायचं असतं आणि अखेरपर्यंत तेच शिकत राहावं लागतं.

मी शिल्पकार आहे. मुंबईत शिकलो, अनेक वर्षं पुतळ्यांची कामं केली, आता अलिबागच्या बाजूला राहतो. अजून रोज माती मळतो. त्यामुळे मी मातीच्या बाजूने बोलणार, हे धरून चाला.

फोटोच्या प्रश्नावर फ्रेंच शिल्पकार रोदँची हकिगत सांगतो. १८७७ साली त्याने ब्रसेल्समध्ये आणि मग पॅरिसच्या सलोंमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या वार्षिक कलाप्रदर्शनात, एक पुरुषाकृती मांडली. तिला पुढे ‘कांस्ययुग’ हे नाव पडलं. मॉडेल होता ओग्युस्त नेट नावाचा बावीस वर्षांचा बेल्जियन सैनिक. शिल्प इतकं जिवंत उतरलं की रोदँवर आळ आला: हे घडवलेलं नाही, माणसाच्या अंगावरून सरळ साचा काढला आहे. शिल्पकाराला यापेक्षा मोठा अपमान नाही. मग त्याने मार्कोनी नावाच्या छायाचित्रकाराकडून नेटचे त्याच पोजमधले फोटो काढून घेतले, समोरून आणि मागून. फोटो आणि शिल्प शेजारी ठेवा, फरक दिसेल, असं त्याचं म्हणणं. फ्रेंच सरकारने ते शिल्प विकत घेतलं १८८० मध्ये.

ते फोटो आजही पाहायला मिळतात. मी विद्यार्थ्यांना दोन्ही शेजारी ठेवून दाखवायचो. फोटोत एक धडधाकट तरुण पोज धरून उभा आहे. शिल्पात तोच तरुण श्वास आत घेतो आहे असं मला दर वेळी वाटतं. मापं जवळपास तीच. पण रोदँने छाती किती भरायची, पोट किती आत घ्यायचं, कुठला गुडघा सैल सोडायचा हे ठरवलं. फोटो यातलं काही ठरवत नाही.

याच शिल्पाची आणखी एक गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे. आधी त्या तरुणाच्या डाव्या हातात भाला होता. रोदँने तो काढून टाकला. हात मात्र तसाच राहिला, वर उचललेला, मूठ वळलेली. भाला नाही तरी त्या हाताकडे बघताना काही खटकत नाही, कारण अख्खं शरीर त्या हाताला धरून उभं आहे. तुम्ही हीच परीक्षा तुमच्या चित्राची घ्या. पाटी अंगठ्याने झाका. मान, खांदे, कंबर, टाच यांकडे बघून बाईच्या डोक्यावर ओझं आहे हे कळतं का? कळत नसेल तर पाटीची वीण कितीही सुरेख काढा, ती रिकामीच राहणार.

आता चालणं. रोदँने त्यानंतर संत जॉनची आकृती केली, माणसाच्या उंचीपेक्षा मोठी, म्हणजे पुन्हा साच्याचा आळच यायला नको. तो माणूस चालतो आहे आणि त्याची दोन्ही पावलं जमिनीला पूर्ण टेकलेली आहेत. तुम्ही चालून बघा. पुढचं पाऊल पूर्ण टेकेपर्यंत मागची टाच उचललेली असते. म्हणजे रोदँची पोज प्रत्यक्षात घडतच नाही. तरी तो माणूस चालताना दिसतो, आणि नेमक्या क्षणाला टिपलेला फोटो बऱ्याचदा एका पायावर गोठल्यासारखा दिसतो. रोदँ याचं कारण असं द्यायचा की शिल्पातल्या एका भागात आधीचा क्षण असतो आणि दुसऱ्या भागात नंतरचा. आपली नजर मागच्या पायावरून पुढच्या पायावर जाते तेवढ्यात हालचाल घडते. फोटोत सगळे अवयव एकाच क्षणात अडकलेले असतात. तुमचे पाय चिकटवल्यासारखे का दिसतात, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

उरलेलं निम्मं ओळंब्यात. सुताराचा असतो तसा दोरा आणि खाली वजन. कोणी एका पायावर भार देऊन उभं असेल तर गळ्याच्या खळगीतून ओळंबा सोडा, तो भार घेतलेल्या पायाच्या घोट्यापाशी येतो. त्या बाजूचं कमरेचं हाड वर चढतं, आणि तोल सावरायला त्याच बाजूचा खांदा खाली येतो. आपल्याकडच्या त्रिभंगातल्या, म्हणजे मान, कंबर आणि गुडघ्यात वळलेल्या, मूर्ती पाहा, हेच आहे. पण तुमच्या बायांचं प्रकरण याहून अवघड आणि सुंदर आहे. डोक्यावर ओझं असेल तर खांदा वाकवून चालत नाही, मान कलती करून चालत नाही. पाटी आणि मान एका ओळीत ठेवावीच लागते. म्हणून सगळी हालचाल खाली, कमरेत उतरते. वरचा भाग स्थिर आणि खालचा भाग वाहता. एक हात पाटीला लावलेला असेल तर त्या बाजूचा खांद्याचा फरा वर सरकतो, बरगड्या उघडतात, पदर त्या बाजूला ताणला जातो. हे पेन्सिलीने शोधत बसलात तर वर्ष जाईल. मातीत एका आठवड्यात कळतं, कारण मातीत चूक झाली की बाई खरोखर पडते! कागद सगळं खपवून घेतो, माती घेत नाही. तुमच्या दुसऱ्या ओळखीच्याने दिलेला सल्ला अगदी योग्य होता.

सवड काढून दोन ठिकाणी जा. एक, मुंबईत जे.जे. कला महाविद्यालयात शिल्पकार गणपतराव म्हात्रे यांची ‘मंदिरपथगामिनी’. १८९६ च्या सुमारास, विशीतल्या विद्यार्थ्याने प्लास्टरमध्ये केलेली. नऊवारीतली मुलगी पूजेचं साहित्य घेऊन देवळाकडे निघाली आहे. पायात घाई अजिबात नाही. रवींद्रनाथ टागोरांनी तिच्यावर लेख लिहिला होता. तिचं नेसणं नीट बघा. कापड कुठे अंगाला टेकलं आहे आणि कुठे सुटलं आहे, एवढंच वहीत टिपा. कापड टेकतं तिथे हाड असतं किंवा स्नायू ताणलेला असतो. साडीच्या आतलं अंग काढायला साडी काढावी लागत नाही, हे म्हात्र्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी दाखवून ठेवलं आहे.

दुसरं ठिकाण अलिबागजवळचं सासवणे. नानासाहेब करमरकरांचं शिल्पालय, त्यांच्या राहत्या घरातच. लहानपणी त्यांनी गावच्या देवळाच्या भिंतीवर काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र तेव्हाचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी पाहिलं आणि त्यांना जे.जे.ला जाण्यासाठी मदत केली. पुढे पुण्यातला अश्वारूढ शिवाजी त्यांनी घडवला. पण सासवण्यात मला थांबवून ठेवतात ती त्यांनी सिमेंटमध्ये केलेली साधी माणसं. संगमरवर नाही, ब्राँझ नाही, घर बांधायचं सिमेंट, आणि त्यात कष्टाने घडलेली कोकणी शरीरं. एक म्हैसही आहे, तिलाही सोडू नका.

न्यूड स्टडीबद्दल थोडक्यात. त्याने मदत होते, फार होते. जे.जे.त कॅप्टन ग्लॅडस्टोन सॉलोमन यांनी १९१९ नंतर तो अभ्यास रीतसर सुरू केला आणि त्याने मुंबईच्या चित्रकारांचा हात पक्का केला. पण त्याशिवाय काहीच कळत नाही, हे मला मान्य नाही. चित्रकार सावळाराम हळदणकरांनी ‘ग्लो ऑफ होप’ची समईवाली मुलगी काढली तेव्हा समोर त्यांचीच मुलगी गीता उभी होती. जलरंगातलं ते चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे आणि लोक अजूनही ते रविवर्म्याचं म्हणून दाखवतात. गोव्याचे चित्रकार त्रिंदाद यांनी पत्नी फ्लोरेन्टिनाची चित्रं काढली, ती पणजीला फुंदासाँव ओरिएंत या संस्थेत पाहता येतात. घरातल्या माणसाला डोक्यावर पाण्याने भरलेली कळशी देऊन उभं करा. रिकामी नको.

साडेपाचचा_उजेड (कोल्हापूर)

ओळंबा काका, फोटोला एवढं दोषी धरू नका 🙏 मी लग्नं आणि माणसांचे फोटो काढून पोट भरतो, म्हणून तांत्रिक बाजू सांगतो.

ताई, तुम्ही फोन घेऊन बहुतेक दीड-दोन मीटरवर उभ्या राहता आणि फोन डोळ्यांच्या उंचीवर धरता. फोनचा मुख्य कॅमेरा वाइड असतो, साधारण २४ ते २८ मिमीच्या लेन्ससारखा. इतक्या जवळून, वरून काढलं की डोकं आणि पाटी मोठी येते, पाय लहान येतात आणि जमीन वर उचलल्यासारखी दिसते. मग तुम्ही ग्रिड टाकून ती चूक प्रामाणिकपणे कागदावर उतरवता. पाय टेकलेले कसे दिसणार? फोटोतच टेकलेले नाहीत.

मागे सरका. निदान चार-पाच मीटर. दोन किंवा तीन पटीची लेन्स असेल तर ती वापरा. फोन कमरेच्या उंचीवर धरा. सावलीकडे लक्ष ठेवा, पावलाखालची गडद रेघ फोटोत आली पाहिजे, तीच पाऊल जमिनीला जोडते. डोक्यावर सूर्य आला की ती सावली आखडते आणि चेहऱ्यावर पाटीची काळी पट्टी पडते. सकाळचा तिरपा उजेड बरगड्यांवरून सरकतो, तेव्हा अंग गोल दिसतं. आणि फ्लॅश कधीच मारू नका. समोरून सपाट उजेड टाकला की शरीराचा कागद होतो.

वाइड लेन्स वाईट असते असं मात्र नाही. बिल ब्रँट या ब्रिटिश छायाचित्रकाराने जुना लाकडी कोडॅक कॅमेरा घेतला होता, अतिशय वाइड लेन्सचा. त्याने त्यातून न्यूड फोटो काढले आणि पुढे वाइड लेन्सनेच समुद्रकिनाऱ्यावरही. त्यात कान, कोपर, गुडघा हे दगडगोट्यांशेजारी दगडगोट्यांसारखेच दिसतात. शरीर एवढं अनोळखी आणि तरीही इतकं शरीरच, असं मी दुसऱ्या कुणाच्या फोटोत पाहिलेलं नाही. त्याने लेन्सचा दोष जाणून निवडला होता. फोनने तो तुमच्यावर न सांगता लादला आहे, एवढाच फरक.

निळा_कॅनव्हास (नाशिक)

मी चित्रकार आहे आणि मी जवळजवळ पूर्णपणे फोटोवरून काम करतो, म्हणून वरच्या चर्चेत भर घालतो.

फोटोवरून काढणं ही आजची आळशी सवय नाही. फ्रेंच चित्रकार दलाक्र्वाने १८५४ साली युजीन द्युरिओ या छायाचित्रकाराबरोबर मॉडेल उभे करून न्यूड फोटो काढून घेतले आणि त्यांवरून तो रेखाटनं करत असे. विसाव्या शतकातला चित्रकार फ्रान्सिस बेकन, त्याला तर माणूस समोर बसलेला नकोच असायचा. जॉन डीकिन या छायाचित्रकाराकडून मित्रांचे फोटो काढून घ्यायचा, ते चुरगळायचे, रंगांनी माखायचे, स्टुडिओच्या जमिनीवर पडून असायचे, आणि त्यातून ती मांसल, पिळवटलेली माणसं यायची. बेकनच्या चित्रात वजन नाही असं कोण म्हणेल?

त्याचं आवडतं साधन होतं छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिजचे पट, म्हणजे एकाच हालचालीच्या सलग फोटोंची पानं. मायब्रिजने फिलाडेल्फियाला पेनसिल्वेनिया विद्यापीठात एका ओळीत कॅमेरे लावून माणसांची आणि प्राण्यांची हालचाल टिपली. १८८७ मध्ये ते ७८१ पट प्रसिद्ध झाले. बेकनने १९५३ साली त्यातल्या कुस्तीगिरांवरून दोन देहांचं एक चित्र केलं. ताई, तुमच्यासाठी तर तो खजिना आहे, कारण त्यात ओझं घेऊन चालणाऱ्या, बादली घेऊन जिना चढणाऱ्या बायका आहेत, समोरून, बाजूने, मागून. नेटवर सहज मिळतात.

ओळंबा काकांनी रोदँचं जे सांगितलं ते मला पटतं. पण त्यातून मी वेगळा निष्कर्ष काढतो. एका फोटोत एकच क्षण अडकतो ना? मग एक फोटो घेऊ नका. व्हिडिओ काढा, त्यातून सलग सात-आठ फ्रेम काढून एका ओळीत मांडा. मागचा पाय दुसऱ्या फ्रेममधून घ्या, कंबर चौथीतून, पुढचा पाय सहावीतून. रोदँ जे मनात करत होता ते तुम्ही कागदावर जुळवा. ग्रिड मात्र फेकून द्या. ग्रिडमुळे चौकोनात काय आहे ते दिसतं, एका चौकोनातून दुसऱ्यात काय वाहतंय ते सुटतं.

चित्रकार अमृता शेरगिलचं उदाहरणही आठवतं. तिचे वडील उमरावसिंग सतत कुटुंबाचे फोटो काढत, म्हणजे ती लहानपणापासून कॅमेऱ्यासमोर पोज देत मोठी झाली. पॅरिसला रीतसर न्यूड स्टडी केली. आणि १९३६ च्या अखेरीला अजिंठा पाहिल्यावर तिच्या आकृत्या बदलल्या, सपाट आणि शांत झाल्या, तरी जड. ‘वधूचा शृंगार’ पाहा. त्यात पाश्चात्त्य पद्धतीची छायाप्रकाशाची गोलाई फार कमी आहे, पण बसलेल्या बायका जमिनीत रुजल्यासारख्या बसल्या आहेत. वजन दाखवायला स्नायू आणि सावल्याच लागतात असं नाही. बाह्यरेषा पुरते, जर ती जाणून ओढली असेल.

स्टँडवरून (मुंबई)

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. आज लिहावंसं वाटलं. मी लाइफ क्लासमध्ये मॉडेल म्हणून बसते, बरीच वर्षं झाली. कपड्यातही बसते आणि न्यूडही. तुम्ही सगळे आम्हाला बघून जे शिकता त्याबद्दल स्टँडवरून काय दिसतं ते सांगते.

पोज ठरली की खडूने पावलांभोवती खूण करतात, म्हणजे मधल्या सुट्टीनंतर परत तसंच उभं राहता येतं. वीस-पंचवीस मिनिटं उभं राहायचं, मग थोडा आराम, परत तेच. बघणाऱ्याला वाटतं बाई नुसती उभी आहे. पण उभं राहणं हेच काम असतं. पहिली पाच मिनिटं काही वाटत नाही. मग ज्या पायावर भार असतो त्याची पोटरी जड होते. मग त्याच बाजूची कंबर धरते. हात वर असेल तर बोटं थंड पडतात, नंतर मुंग्या येतात. शेवटी शेवटी मानेच्या मागे एक ठिपका असतो, तिथेच सगळं अंग येऊन बसल्यासारखं वाटतं.

आता गंमत बघा. विद्यार्थी चित्र दाखवायला आणतात तेव्हा मी तोच ठिपका शोधते. ज्याच्या चित्रात माझी कंबर दुखते आहे असं मला दिसतं, त्याचं चित्र चांगलं असतं. सर पण त्यालाच चांगले मार्क देतात, असं मी कितीदा पाहिलं आहे. पुष्कळ मुलं आधी चेहरा काढतात आणि तासभर त्यातच राहतात. पाय येईपर्यंत वेळ संपतो. ताई, तुम्ही पायापासून सुरू करा. आणि तुमच्या बंदरावरच्या बायांना विचारा, पाटी घेतल्यावर तुम्हाला कुठे दुखतं? त्या लगेच सांगतील. कुणी मान सांगेल, कुणी गुडघा, कुणी तळपाय. त्या सांगतील तिथे पेन्सिल दाबा.

मातीच्या वर्गातही बसते. तिथे मुलं माझ्याभोवती फिरतात, पाठ बघतात, कॅलिपर लावून माप घेतात, आधी विचारून घेतात. चित्रवाल्यांना एकच बाजू मिळते, त्यांना वाटतं तेवढीच बाई आहे. मातीवाल्यांना माहीत असतं की पुढून पोट दिसतंय ते मागच्या कण्यामुळे.

न्यूडबद्दल एवढं सांगते. पहिल्या दिवशी लाज वाटली, ती विद्यार्थ्यांनाही वाटत होती. अर्ध्या तासाने खोलीत फक्त पेन्सिलींचा आवाज होता. त्या नजरेत आणि रस्त्यावरच्या नजरेत फरक असतो तो मला समजतो, कुणी शिकवावा लागत नाही. एका ठिकाणी एकाने फोनवर चोरून फोटो काढला तेव्हा मी त्याच क्षणी गाऊन घातला आणि स्टँडवरून उतरले. पुढे त्या वर्गाचा फोन बाहेर ठेवायचा नियम झाला. म्हणून हात जोडून सांगते, बंदरावरच्या बायांचे फोटो त्यांना विचारून काढा. त्या कामात असतात, साडी वर खोचलेली असते, घामाने भिजलेल्या असतात. आधी मासळी घ्या, बोला, चित्र दाखवा. मग त्या स्वतःहून थांबतील. आमच्या अंगावरून तुम्ही शिकता, त्याला आमची हरकत नाही, उलट अभिमान आहे. पण ते आम्ही दिलेलं असावं.

मूर्तीवाला_पेण

आमच्या घरात तीन पिढ्या गणपती होतात. फोटो नाही, मॉडेल नाही, सगळं तालमानावर, म्हणजे मूर्तीच्या ठरलेल्या मापांवर. चेहरा म्हणजे एक ताल, बारा अंगुळं. देवतेची मूर्ती नवताल असेल तर एकशे आठ अंगुळं. गणपतीचं माप वेगळं, तो बुटका. माप सांगायचं कारण हे की ताईंना मापाची पकड आधीच आहे, गणित शिकवतात. आता वर स्टँडवरच्या ताईंनी सांगितलं तसं करा. माप हाताला ठाऊक झालं की त्याच्याकडे बघायचं सोडून द्यायचं असतं. आम्हीसुद्धा मांडी घातलेल्या मूर्तीचं पोट मांडीवर टेकलं का, हे हाताने दाबूनच बघतो.

जेटीवरची_रेघ (रत्नागिरी)

सगळ्यांचे मनापासून आभार. स्टँडवरून ताई, तुमचं उत्तर मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. रविवारी बंदरावर गेले ते फोन पर्समध्येच ठेवून. तुम्ही सुचवलेला प्रश्न विचारला. एका मावशींनी उत्तर दिलं ते माझ्या डोक्यातही आलं नसतं: दुखतं ते पायाच्या अंगठ्यात, कारण ओल्या फरशीवर घसरू नये म्हणून अंगठ्याने जमीन धरायची असते. मी आजवर त्यांच्या पावलांकडे पाहिलंच नव्हतं असं नाही, पण अंगठा कशासाठी वळलेला आहे ते आता कळलं. त्यांनी पाटी उतरवायच्या आधी माझ्यासाठी थोडं थांबायची तयारी दाखवली, चित्र त्यांच्या नातीला द्यायचं या बोलीवर.

ओळंबा काका, आईने कळशी घेऊन उभं राहायचं कबूल केलं आहे, पण तिचे गुडघे बघता मी तिला अर्धीच कळशी देणार. मातीचं करायचं ठरवलं आहे. किती मोठं करू? आत काय घालायचं? माती कुठून आणू?

ओळंबा

अंगठा! ताई, हे मला माहीत नव्हतं. तुमच्या मावशींना माझा नमस्कार सांगा. अंगठ्याने जमीन धरली की पोटरीचा बाहेरचा भाग ताणतो आणि गुडघा किंचित आत वळतो, आता उभा राहून करून पाहिलं. ते चित्रात आलंच पाहिजे. आईंना अर्धीसुद्धा नको, पाव कळशी आणि दोन-तीन मिनिटंच. तेवढ्यात पाठ बघून घ्या, बाकीचं नंतर.

साधारण फूटभर उंचीची करा. त्याहून लहान केली तर बोटांत तपशील येत नाही, मोठी केली तर सुरुवातीला सांभाळणं जड जाईल. जाडसर लाकडी फळी घ्या, तिच्यावर मागच्या बाजूला एक लोखंडी सळई काटकोनात वाकवून स्क्रूने घट्ट बसवा. ही सळई कमरेपाशी आकृतीला आधार देते. सांगाडा ॲल्युमिनियमच्या तारेचा, तीनेक मिलिमीटर जाडीचा, डोक्यापासून दोन्ही पायांपर्यंत एक तार आणि हातांना दुसरी. तारेला बारीक तार पीळ देऊन गुंडाळा, नाहीतर माती घसरते. माती लावायच्या आधीच तार वाकवून पोज पूर्ण करा. नुसती तार चालताना दिसली पाहिजे. तिथे ओळंबा धरून बघा आणि पटेपर्यंत पुढे जाऊ नका.

दोन्ही पावलं आधी रोदँसारखी पूर्ण टेकवून करा. मग निळ्या कॅनव्हासवाल्यांच्या फ्रेम समोर ठेवून मागची टाच किती उचलायची ते ठरवा. त्यांचं म्हणणं मला पटलं आहे, व्हिडिओ जरूर काढा, मावशींना विचारून.

शाडू तुमच्याकडे मिळायला अडचण नाही. रत्नागिरीत आसपास गणपतीच्या शाळा, म्हणजे मूर्ती घडवायचे कारखाने, भरपूर आहेत, गणपती झाल्यावर तिथे शिल्लक माती असते, मागितली तर देतात. कोरडी मिळाली तर बादलीत भिजत घाला, वरचं पाणी ओतून द्या, आणि गोणपाटावर पसरून हाताला चिकटायची बंद होईपर्यंत सुकू द्या. मग मळा. काम थांबवलं की ओलं फडकं आणि त्यावर प्लास्टिकची पिशवी, हवा लागता कामा नये. पावसाळ्यात सोपं जाईल, मार्च-एप्रिलात दिवसातून दोनदा पाणी मारावं लागेल.

सांगाडा झाला की चारही बाजूंनी फोटो काढून इथे टाका, चार-पाच मीटर मागे सरकून.